एक सेल, एक बल्ब, एक वायर: मुलांना वीज हातानं शिकवताना

पहिल्या तासाला मी प्रत्येक जोडीच्या हातात तीनच वस्तू देते: टॉर्चचा एक बल्ब, एक मोठा सेल आणि दोन्ही टोकं सोललेली वीतभर वायर. फळ्यावर आकृती काढत नाही. ‘हा बल्ब लावून दाखवा’ एवढंच सांगते आणि बाजूला होते. पाचवी ते सातवीच्या मुलांना याला कधी चार मिनिटं लागतात, कधी पंचवीस. ही पंचवीस मिनिटं गप्प राहणं शिक्षकाला आणि पालकाला सगळ्यात जड जातं. पण विजेची खरी सुरुवात तिथेच होते, म्हणून या लेखात सर्वाधिक जागा त्या पहिल्या तासाला आणि न लागणाऱ्या दिव्याला दिली आहे.

खालचा क्रम साधारण सहा बैठकांचा आहे. घरी एकट्या मुलाबरोबर करणार असाल तर रविवारच्या सकाळी पुरतील. वर्गात करणार असाल तर दोघांत एक संच हवा. चौघांत एक दिला की दोघं करतात आणि दोघं बघतात, आणि बघणाऱ्यांत बहुतेक वेळा मुली असतात.

सामान कुठून आणायचं

तयार किट घेऊ नका. त्यात सगळं आधीच जोडलेलं असतं आणि मुलाला करण्यासारखं फार उरत नाही.

सेल साधे, स्वस्तातले घ्या. काही मोठे आणि काही पेन्सिल सेल. अल्कलाईन आणि रिचार्जेबल सेल या कामाला नकोत. चुकून शॉर्ट झाले तर ते जास्त करंट देतात आणि पटकन तापतात.

वायरीसाठी नेटच्या केबलचे तुकडे उत्तम. केबल ओढायला आलेल्या माणसाकडे उरलेला तुकडा मागा. आत आठ रंगीत वायरी असतात आणि बहुतेक केबलमध्ये प्रत्येकीत एकच सलग तार असते. ती सोलायला सोपी आणि वाकवली तशी राहते. जुन्या इअरफोनची वायर मात्र घेऊ नका. तिच्यातल्या केसासारख्या तारांवर लाखेसारखा थर असतो, आणि मुलांचा अर्धा तास नुसत्या सोलण्यात जातो.

पंक्चरच्या दुकानातून सायकलची टाकाऊ ट्यूब आणा आणि कात्रीनं आडव्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. ही रबराची रिंग सेलवर लांबीच्या बाजूनं ताणून बसवली की दोन्ही टोकांवर वायर घट्ट दाबून धरते. सेल होल्डरची गरज उरत नाही. दोन-तीन सेल जोडायचे असतील तर ते एकामागे एक ठेवून वहीच्या कागदाची घट्ट गुंडाळी करा आणि वरून लांब पट्टी ताणा.

मोटार वाईंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे जमिनीवर पडलेले असतात. शाळेसाठी म्हणून मागितले की मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. टॉर्चचे बल्ब (२.५ व्होल्ट लिहिलेले) आता प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि तालुक्याच्या गावी एखादं जुनं इलेक्ट्रिकचं दुकान गाठा. तिथूनच लाल आणि पांढरे एलईडी आणि २२० ओहमचे रेझिस्टर (करंट कमी ठेवणारे बारके तुकडे) घ्या. त्याच्या अंगावर लाल, लाल, तपकिरी अशा पट्ट्या असतात आणि शेवटी थोड्या अंतरावर सोनेरी पट्टी.

तीन नियम, एकदाच आणि ठामपणे

भिंतीवरच्या बोर्डाला यातलं काहीही लावायचं नाही. एका सेलचे १.५ व्होल्ट, बोर्डात २३०. म्हणजे दीडशे पटीहून जास्त. मुलांना हा भागाकार स्वतः करायला लावा, नुसत्या ‘हात लावू नको’पेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

मोबाईलची बॅटरी, पॉवर बँक, फुगलेलं काहीही टेबलावर येणार नाही.

बटण सेल वापरायचे नाहीत, विशेषतः घरात लहान भावंडं असतील तर. गिळला गेलेला बटण सेल अवघ्या दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकतो. मुलानं गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबायचं नाही, थेट दवाखाना.

पहिली बैठक: बल्ब पेटवणं

हातात सामान देण्याआधी एक कागद द्या आणि विचारा, ‘बल्ब लागेल असं चित्र काढ.’ हे चित्र जपून ठेवा, शेवटच्या बैठकीत परत लागणार आहे.

बहुतेक चित्रांत सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत एकच रेघ असते. हा मुलांचा बावळटपणा नाही. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं आहे: पंख्याला एक वायर, मिक्सरला एक वायर, चार्जरला एक वायर. काही चित्रांत दोन रेघा असतात, पण त्या दोन्ही बल्बच्या बुडाला येऊन मिळतात. अशा मुलाला विचारलं तर बरेचदा सांगतं, ‘इकडून प्लस येतो, तिकडून मायनस येतो, आत टक्कर होते आणि उजेड पडतो.’ १९८० च्या सुमाराला न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न यांनी मुलांच्या विजेविषयीच्या कल्पना तपासल्या, तेव्हा त्यांनाही एकच वायर पुरते, दोन करंटची टक्कर होते, करंट वाटेत खर्च होतो अशा समजुती आढळल्या. तिकडची मुलंही तसंच म्हणत होती हे वाचून मला धीर आला. समजूत चुकीची असली तरी ती विचार करून बांधलेली आहे, आणि म्हणून ती नुसत्या सांगण्यानं जात नाही.

आता सामान द्या. बल्बचा होल्डर देऊ नका. पहिल्या वर्षी मी होल्डर दिले होते. सगळे दिवे पाच मिनिटांत लागले आणि बल्बला वीज कुठून आत जाते, कुठून बाहेर येते हे एकाही मुलाला कळलं नाही. होल्डर नेमकी तीच जागा झाकतो.

मुलं आधी बल्ब सेलवर उभा ठेवतात. काही होत नाही. मग वायर वरून लावतात, खालून लावतात. कुणीतरी वायर सेलच्या दोन्ही टोकांना लावतं आणि ओरडतं, ‘बाई, वायर गरम झाली!’ घाबरू नका, दोन-तीन सेकंद सगळ्यांना बोट लावून पाहू द्या, मग सोडायला सांगा. शॉर्ट सर्किट हा शब्द याच क्षणी द्यायचा, कारण आता तो शब्द ज्याच्यासाठी आहे ती गोष्ट बोटाला कळलेली असते.

मग कुणाचा तरी बल्ब लागतो. एका सेलवर थोडा पिवळसर, पण लागतो. बल्बच्या बुडाचा बारका ठिपका सेलच्या टोपीवर, वायरचं एक टोक सेलच्या बुडाला आणि दुसरं बल्बच्या पितळी बाजूला. त्या जोडीला उत्तर सगळ्यांना सांगायला लावू नका. ‘आणखी किती तऱ्हांनी लागतो ते शोधा’ म्हणा. सेल उलटा करून, बल्ब बाजूवर टेकवून आणि ठिपक्याला वायर लावून अशा चार तऱ्हा सापडतात. चारही वहीत उतरवल्या की मुलं आपणच म्हणतात: बल्बच्या दोन वेगळ्या जागा, सेलची दोन वेगळी टोकं.

इथे एक फ्यूज गेलेला बल्ब कामी येतो. जाड फडक्यात गुंडाळून, डोळे सांभाळून, काच मोठ्या माणसानं फोडायची. आत दोन उभ्या तारा दिसतात. एक खाली ठिपक्याला जाते, दुसरी पितळी बाजूला, आणि मधे वीज न वाहणारा भाग. वर दोन्ही तारांना जोडणारी ती बारीक गुंडाळी तुटलेली असते. भिंग द्या. एका मुलानं ते बघून बोटानं हवेत रेघ ओढली: सेलमधून निघाली, ठिपक्यातून चढली, गुंडाळीवरून गेली, बाजूनं उतरली आणि सेलमध्ये परत आली. ‘गोल झाला की, बाई.’ परिपथ या शब्दाची गरज त्याला तेव्हा लागली, आणि तेव्हाच तो मी फळ्यावर लिहिला.

दोरीचा खेळ

वीज समजवायला नळाच्या पाण्याची उपमा देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती सोडली. नळाचं पाणी बादलीत पडतं आणि संपतं. मुलांच्या मनात ‘बल्ब करंट खाऊन टाकतो’ ही समजूत आधीच असते, ती या उपमेनं आणखी घट्ट होते.

त्याऐवजी आठ-दहा मीटरची सुती दोरी घ्या, टोकं बांधून एक मोठं कडं करा. मुलं गोलात उभी राहतात आणि दोरी सैल मुठीतून जाऊ देतात. एक जण दोरी सरकवत राहतो, तो सेल. एक जण मूठ जरा आवळतो, तो बल्ब. आवळणाऱ्याच्या तळव्याला ऊब लागते. आता विचारा: दोरी बल्बच्या अलीकडे जास्त आणि पलीकडे कमी आहे का? सेलनं ओढल्यावर समोरच्या मुलाकडे दोरी किती वेळानं हलली? कुणी मधेच दोरी सोडवली तर काय होईल? दोरी खर्च होत नाही, सगळीकडे एकाच वेळी हलते आणि तुटली की सगळीकडे थांबते. खर्च होते ती ओढणाऱ्याची ताकद. सेल उतरतो म्हणजे काय, याचंही उत्तर त्यातच आहे.

दुसरी बैठक: कशातून जाते, कशातून नाही

परिपथ मधे तोडा आणि त्या फटीत वस्तू लावून पाहा. आधी अंदाज वहीत, मग प्रयोग. नाणं, किल्ली, खोडरबर, बांगडी, चमचा हे सगळे करतात. मजा अडनिड्या वस्तूंत आहे: रंग दिलेली पत्र्याची पट्टी (खरवडण्याआधी आणि नंतर), चॉकलेटचा चकचकीत कागद दोन्ही बाजूंनी, वाईंडिंगची तांब्याची तार. ‘तांबं आहे मग का नाही?’ हा प्रश्न आला की पॉलिश पेपर हातात द्या आणि तारेवरचा वार्निशचा थर खरवडू द्या.

पेन्सिलचं शिसं तर हमखास भांडण लावतं. बल्ब लागत नाही म्हणून एक गट ‘दुर्वाहक’ लिहितो. पुढच्या बैठकीत एलईडी हातात आला की त्याच शिशातून तो मंद लागतो. वाहक आणि दुर्वाहक अशा दोनच रकान्यांत जग मावत नाही हे मुलांना इथे कळतं. तक्ता खोडून नवा करू द्या. मिठाच्या पाण्याचंही तसंच आहे.

तिसरी बैठक: एलईडी

एलईडीला दिशा कळते. लांब पाय प्लसकडे, आखूड मायनसकडे. पाय कापले गेले असतील तर कडेचा सपाट भाग बघा, तो मायनसच्या बाजूला असतो. हे सांगण्याआधी मुलांना दोन सेल, एक एलईडी आणि २२० ओहमचा रेझिस्टर देऊन धडपडू द्या. बल्बला उलटसुलट चालतं हे त्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून एलईडी रुसला की आधी सेलवर संशय जातो.

रेझिस्टर का, हे हिशेबानं दाखवता येतं. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. दोन सेलचे ३ व्होल्ट, उरला १. १ भागिले २२० म्हणजे साधारण साडेचार मिलिअँपिअर. दिव्याला पुरतो आणि जळत नाही. सातवीच्या मुलाला हा भागाकार येतो. ओहमचा नियम हे नाव नंतर दिलं तरी चालतं.

स्वस्तातला मल्टिमीटर (करंट आणि व्होल्टेज मोजणारा मीटर) असेल तर याच बैठकीत तो मिलिअँपिअरवर ठेवून एकदा एलईडीच्या अलीकडे आणि एकदा पलीकडे परिपथात बसवा. दोन्हीकडे आकडा एकच येतो. दोरीच्या खेळावर ज्यांचा विश्वास बसला नव्हता त्यांचा आता बसतो. मीटर थेट सेलच्या दोन टोकांना मात्र या बटणावर लावायचा नाही. आतला फ्यूज जातो.

चौथी बैठक: माळ आणि घर

गणपतीच्या सजावटीतली जुनी माळ आठवा. एक बारका बल्ब गेला की माळेचा अख्खा भाग अंधारात, आणि घरातलं कुणीतरी एकेक बल्ब हलवत बसलेलं. उलट, स्वयंपाकघरातला दिवा बंद केला तरी बाहेरचा पंखा फिरतोच. या दोन गोष्टी मुलांना सांगा आणि म्हणा, ‘दोन बल्ब आणि दोन सेल घेऊन माळही करा आणि घरही करा.’

एकसर, म्हणजे माळेसारख्या एकापाठोपाठ जोडणीत दोन्ही बल्ब मंद होतात. इथे एक गफलत होते. दुकानातले दोन ‘सारखे’ बल्ब सारखे नसतात, एक जरा जास्त उजळतो. मुलं लगेच म्हणतात, पहिल्यानं करंट खाल्ला म्हणून दुसरा मंद. वाद घालू नका. ‘दोघांची जागा बदला’ म्हणा. जास्त उजेड जागेबरोबर राहिला की बल्बबरोबर गेला? बल्बबरोबर गेला, तर दोष जागेचा नाही.

जुन्या माळेत चाळीसेक बल्ब एकापाठोपाठ असतील, तर २३० व्होल्टची वाटणी होऊन एकेकाच्या वाट्याला सहाच्या आसपास येतात. हा हिशेब केल्यावर जुनी माळ घरी उघडून बघायचा मोह होतो. बघा, पण पिन काढून, आणि कापलेली माळ पुन्हा कधीही बोर्डात लावायची नाही.

हुशार गटासाठी एक कोडं ठेवलेलं असतं. तीन सेल, एक रेझिस्टर, पांढरा एलईडी लागलेला. त्याच्याच शेजारी, त्याच रेझिस्टरवर, समांतर (घरासारखी, दोघांना वेगळी वाट) एक लाल एलईडी लावा. लाल लागतो आणि पांढरा विझतो. लाल काढला की पांढरा परत. याचं उत्तर (पांढऱ्याला जवळपास ३ व्होल्ट हवेत, आणि लाल एलईडी दोघांचंही व्होल्टेज दोनच्या आसपास धरून ठेवतो) मी कधीच त्या दिवशी देत नाही. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर दिला तर दोघं लागतात, इतकं शोधून काढलं तरी त्या वयाला भरपूर झालं.

दिवा लागला नाही तर

यासाठी वेगळी बैठक नाही, प्रत्येक बैठकीचा अर्धा वेळ यालाच जातो आणि जाऊ द्यावा. मोठ्या माणसाचे हात या वेळी पाठीमागे बांधलेले हवेत. आपण जाऊन वायर दाबली की दिवा लागतो, आणि मूल एवढंच शिकतं की बाईंना येतं.

गेल्या हिवाळ्यात सहावीतल्या एका मुलीचा एलईडी काही केल्या लागेना. तिनं शेजारच्या गटाकडून सगळंच सामान आणलं: सेल, वायर, रेझिस्टर, एलईडी. दिवा लागला आणि ती खूश झाली. मी विचारलं, ‘मग बिघडलं काय होतं?’ ती थांबली. मग तिनं लागलेल्या दिव्यात आपल्या जुन्या वस्तू एकेक करून परत घातल्या. सेल चालला. एलईडी चालला. रेझिस्टर चालला. निळी वायर घातली आणि दिवा गेला. वायर बाहेरून धडधाकट होती. तिनं ती बोटांत धरून हळूहळू वाकवत नेली आणि एका जागी ती जास्तच सहज वाकली. प्लॅस्टिक सोललं तर आत तार तुटलेली. त्या दिवशी तिच्या वहीत फक्त एक वाक्य होतं: ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची.’

तेव्हापासून दर वेळी एक चालू जोडणी टेबलावर ठेवलेली असते, तपासणीसाठी. ज्या वस्तूवर संशय, ती तिथे नेऊन बदलून बघायची. बिघाड बहुतेक ठरलेले आहेत: टोक नीट सोललेलं नाही, वायर सेलच्या टोपीऐवजी कडेला टेकली आहे, एलईडी उलटा आहे, तीन सेलमधला एक उलटा घातला आहे. पण ही यादी मुलांना देऊ नका. ती वर्गाच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात तयार होऊ द्या.

पाचवी बैठक: मोटार

आधी होकायंत्र. त्याच्यावरून सुईच्या दिशेनं वायर ठेवा आणि क्षणभर सेलला टेकवा. सुई झटक्यात वळते. १८२० मध्ये कोपनहेगनमध्ये ओर्स्टेडनं हेच पाहिलं: करंट वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकासारखं काहीतरी असतं.

मग ती मोटार, जी अरविंद गुप्तांनी देशभरातल्या शाळांत पोचवली. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून अशी खेळणी करून दाखवली.

वाईंडिंगची साधारण मीटरभर तार मोठ्या सेलभोवती दहा वेढे गुंडाळा आणि कडं काढून घ्या. दोन्ही टोकं कड्यावर दोन-दोन वेढे देऊन बांधा, म्हणजे ती समोरासमोर सरळ रेषेत बोटभर बाहेर राहतील. एक टोक सगळीकडून खरवडा. दुसरं फक्त वरच्या अर्ध्या बाजूनं. दोन सेफ्टी पिना ट्यूबच्या रिंगनं सेलच्या दोन टोकांना उभ्या बांधा, भोकं वर. कड्याची टोकं त्या भोकांत ठेवा आणि खाली सेलवर चुंबक. जुन्या स्पीकरचं चालतं. बोटानं हलकी टिचकी मारा.

पहिल्या खेपेला क्वचितच फिरते. कडं एका बाजूला जड असतं किंवा टोकं तिरकी असतात. मुलं वाकून, श्वास रोखून कडं सरळ करत बसतात. तो वेळ त्यांना द्या. फिरली की अर्ध्याच बाजूच्या खरवडण्याबद्दल विचारा. उत्तर न देता एक कडं दोन्ही टोकं पूर्ण खरवडून करायला लावा. ते थरथरतं, मागेपुढे होतं आणि थांबतं. अर्ध्या फेरीत चुंबक ढकलतं, दुसऱ्या अर्ध्यात उलटं खेचतं. वार्निश ठेवलेली बाजू त्या उलट्या अर्ध्यात करंट तोडते आणि कडं आपल्या वेगानं पुढे जातं. ही मोटार सेल लवकर संपवते आणि तापवते, म्हणून खेळ झाला की कडं काढून ठेवा.

सहावी बैठक: उलट फिरवून

पहिल्या दिवशीची चित्रं परत द्या आणि शेजारी नवं चित्र काढायला लावा. त्यावर तुम्ही काही लिहू नका, खूण करू नका.

मग फळ्यावर एक प्रश्न: सेलनं मोटार फिरते, तर मोटार फिरवली तर? मोडक्या खेळण्यातली छोटी मोटार घ्या, तिच्या दांडीवर रिफिलच्या नळीचा तुकडा बसवा, दोन वायरींना रेझिस्टरसह लाल एलईडी लावा. सायकल उलटी उभी करा, एकानं हातानं पॅडल मारायचं, दुसऱ्यानं मोटारीची दांडी फिरत्या टायरला अलगद टेकवायची. फॅरेडेनं १८३१ मध्ये चुंबक आणि तार हलवून वीज मिळवली, तिचंच हे घरगुती रूप.

मागच्या खेपेला पहिल्या जोडीनं जोरात पॅडल मारलं आणि काहीच झालं नाही. मी बोलणार होते. तेवढ्यात पॅडल धरलेला मुलगा म्हणाला, ‘थांब,’ आणि त्यानं एलईडीचे दोन पाय उलटे करून लावले.